इमर्जन्सीत आधी तपासणी, मग पैसे: अमरावती-अकोल्यातील रुग्णांसाठी खर्चाची माहिती

छातीत कळ आली, साप चावला, फवारणीत विषबाधा झाली किंवा रस्त्यात अपघात झाला की घरातलं कुणीतरी लगेच विचारतं, "किती लागतील?" प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी दुसरा प्रश्न यायला हवा: रुग्णाची अवस्था लगेच तपासली जाईल असं सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं? ही पहिली तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत किंवा अगदी थोडक्या पैशांत होते. खर्च फुगतो तो चुकीच्या ठिकाणी वेळ गेल्यामुळे आणि तिथून पुन्हा दुसरीकडे 'रेफर' झाल्यामुळे.

रुग्णवाहिका

१०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. गरोदर माता, बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं बाळ यांच्यासाठी १०२ ची गाडीही मोफत मिळते. फोनवर गाव, जवळची खूण, काय झालं, किती वाजता झालं आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, एवढं नीट सांगा.

खासगी गाडीचं भाडं किलोमीटरवर असतं आणि बहुधा परतीचं अंतरही धरलं जातं. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे, अकोल्याहून सुमारे २५०. म्हणजे भाडं ३०० किंवा ५०० किलोमीटरचं होऊ शकतं. निघण्याआधी दर, ऑक्सिजनचे पैसे, थांबण्याचा आकार आणि सोबत डॉक्टर आहे का, हे ठरवून घ्या.

दारात काय तपासतात

दवाखान्याच्या तातडीच्या विभागात नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर आणि शुद्ध पाहून रुग्णाची निकड ठरवतात: लाल म्हणजे तात्काळ, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकतो. थांबलेल्या रुग्णाला जास्त त्रास होऊ लागला तर पुन्हा जाऊन सांगा, संकोच करू नका. घरच्यांनी ही माहिती तयार ठेवावी:

- छातीत दुखणं: केव्हा सुरू झालं. ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा.
- लकवा: रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.
- सर्पदंश: चावल्याची वेळ. साप मारून आणू नका, आवळपट्टी बांधू नका. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का ते पाहतात.
- फवारणीची बाधा: औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घ्या. भिजलेले कपडे काढा, उलटी करवू नका.

सरकारी दवाखान्यात किती

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं आणि अचलपूर, धारणी, मूर्तिजापूरसारखी उपजिल्हा रुग्णालयं यात येतात. अकोल्याचं 'सर्वोपचार' रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं आहे. अमरावतीचं 'इर्विन' रुग्णालय नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. या दोन ठिकाणी पावती फाडावी लागली तरी ती शासकीय दराचीच असते. सर्पदंशावरची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, तिच्यासाठी आधी खासगीत धाव घेण्याचं कारण नाही.

योजनेतून किती

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होतं. प्रत्येक आजार आणि प्रत्येक दवाखाना योजनेत नाही, म्हणून दाखल होतानाच दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा. रेशन कार्ड आणि आधार लागतं. तातडीच्या वेळी दवाखाना फोनवरून मंजुरी घेऊ शकतो, कागद मागाहून देता येतात. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

रस्ते अपघातासाठी केंद्राची वेगळी योजना मे २०२५ मध्ये आली. तिच्यात ठरलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता होतात. पोलिसांना कळवणं मात्र गरजेचं आहे.

खासगी दवाखान्यात

पोलिसी कागदपत्रांसाठी अपघातग्रस्ताचे उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं. जखमीला पोहोचवणाऱ्या त्रयस्थाकडूनही पैसे मागता येत नाहीत. राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि अत्यवस्थ रुग्णाचे जीवरक्षक प्रथमोपचार आगाऊ रकमेसाठी थांबवता येत नाहीत.

रुग्ण स्थिर झाला की हे विचारा: खाटेचा आणि आयसीयूचा रोजचा दर, डॉक्टरांची भेट-फी, व्हेंटिलेटर, तपासण्या, अंदाजे एकूण खर्च. औषध त्याच दवाखान्याच्या दुकानातून घेण्याची सक्ती नाही. रोजचं बिल रोज मागा. दुसरीकडे हलवायचं असेल तर रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका, नाहीतर त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा भरावे लागतात. तिथे खाट आहे का, हेही फोन करून आधी पक्कं करा.

ही सगळी तयारी आजच करण्यासारखी आहे. १०८, १०२ आणि १५५३८८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला. रेशन कार्ड, आधार आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. पैशाची जुळवाजुळव करायला घरातला एक माणूस मागे थांबू शकतो. रुग्णाने मात्र थांबू नये.