‘उंडियल’, ‘हुंडी’ आणि ‘च्युएन’ : विनिमयपत्राच्या तीन संज्ञा

कुंभकोणम् येथील आदि कुंभेश्वराच्या वा शार्ङ्गपाणीच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूस मंदिरातील दानपेटीचे नाव चकित करते. तमिळमध्ये ती ‘उंडियल’. दाक्षिणात्य इंग्रजीत चक्क ‘हुंडी’. मराठीत हुंडी म्हणजे सावकाराने परगावच्या पेढीवर लिहून दिलेला देयकागद. हा अर्थ तमिळलाही परका नाही. सिंगापूर-मलेशियातून बँकेला वगळून घरी पोचविलेला पैसा ‘उंडियल’नेच येतो. एका शब्दात कागद व पेटी, दोन्ही नांदतात.

येथे नरसी मेहतांची कथा आठवणे स्वाभाविक आहे. द्वारकेच्या शामळशाहावर लिहिलेली त्यांची हुंडी देवाने सकारली. परंतु पेटीचा अर्थ या कथेतून काढण्याचा मोह आवरावा हे बरे. कथेत देव पैसे देतो, पेटीत भक्त टाकतो.

अशा संज्ञा कोशातील प्रतिशब्दाने उलगडत नाहीत. चिनी ‘द्वेइह्वान-च्युएन’चे ‘विनिमयपत्र’ हे भाषांतर चूक नाही, अपुरे आहे. बँक ऑफ चायनाने १ एप्रिल १९८० पासून परकीयांना त्यांच्या चलनाच्या बदल्यात दिलेली पत्रे या नावाने ओळखली जात. दर्शनी किंमत युआनमध्येच, सामान्य चलनाच्या बरोबरीची. पण आयात माल या पत्रांवर मिळे, म्हणून काळ्या बाजारात त्यांचे मोल अधिक. १९९४ च्या आरंभी ती देणे थांबले. यातील ‘च्युएन’ या चिन्हाच्या तळाशी सुरीचे चिन्ह आहे. प्राचीन काळी करार लाकडी फळीवर कोरून फळी दुभंगीत. दोन्ही पक्षांजवळच्या अर्ध्या जुळल्या की देणे सिद्ध होई. विजयाची खात्री असलेल्याच्या हाती ‘जिंकणारे च्युएन’ आहे, असे चिनीत आजही म्हणतात.

हुंडीला असा दुसरा अर्धा भाग नाही. ती गहाळ झाली तर पैठ, तीही गहाळ झाली तर परपैठ लिहून देत. तिचे सारे बळ समोरच्या पेढीच्या होकारात असते. म्हणूनच मराठीत हुंडी ‘सकारतात’, आणि त्याच्या उलट उभे आहे ‘नाकारणे’. (१८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या कायद्यानेही देशी भाषांतील अशा कागदांचा स्थानिक रिवाज अबाधित ठेवला.) चिनीत या होकाराच्या जवळ जाणारा शब्द ‘च्युएन’ नव्हे, ‘द्वेइश्यान’ होय. पत्र वटविणे आणि दिलेला शब्द पाळणे, असे त्याचे दोन्ही अर्थ आहेत. हुंडीविषयीचे मराठी लेखन चिनीत नेणाऱ्या अनुवादकाने नामाऐवजी या क्रियापदापासून आरंभ करावा.