वायू सुटल्यानंतर काय करावे?



आग विझली की संकट टळले, असे आपण समजतो. ज्यांच्या प्रोसेस हाऊसमध्ये, पॅनेलच्या किंवा जनरेटरच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडची आगविरोधी यंत्रणा आहे, त्यांच्यासाठी मात्र दुसरा धोका तेथूनच सुरू होतो. वायू एकदा सुटला की यंत्रणा पुन्हा सज्ज कशी करावी, हे आज आम्ही क्रमाने सांगत आहोत.

१) दार उघडण्याची घाई नको. ही यंत्रणा बंद खोलीत साधारणपणे ३४ टक्के किंवा त्याहून जास्त वायू भरते. १० टक्क्यांतच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. तो हवेच्या दीडपट जड असल्याने तळघरात आणि केबलच्या चरात साचून राहतो. शिवाय तो वस्तू फारशी थंड करत नाही, त्यामुळे हवा मिळताच कापडातील, कापसातील निखारा पुन्हा पेटतो. अग्निशमन दलाने आग विझल्याची खात्री करावी, खोलीत हवा खेळती करावी, मीटरने वायू मोजावा, मगच आत जावे. कोणी आत पडलेला दिसला तरी श्वसनयंत्राशिवाय धावून जाऊ नये. एकाऐवजी दोन जीव जातात.

२) कारण शोधा. खरोखर आग होती, की धूर किंवा उष्णता टिपणारे उपकरण बिघडले होते? कारण न सापडता यंत्रणा चालू केली, तर ती पुन्हा सुटेल.

३) दुरुस्तीआधी वायूची वाट बंद करून कुलूप लावा. नुसते पॅनेलवर बंद करणे पुरेसे नाही. अमेरिकेत आयडाहो येथील सरकारी प्रयोगशाळेत २८ जुलै १९९८ रोजी विजेचे काम चालू असताना अशीच यंत्रणा अचानक सुटली. एक कामगार दगावला, अनेकांचे प्राण धोक्यात आले. वायूची वाट कुलूपबंद केलेली नव्हती.

४) सिलिंडर सोडवताना वाल्व्हवर संरक्षक टोपी बसवा. काही सिलिंडर भरलेले राहिलेले असू शकतात. आडवे पडून वाल्व्ह तुटला, तर भरलेला सिलिंडर तोफगोळ्यासारखा सुटतो.

५) भरणी परवानाधारकाकडेच करा. हे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडरवर कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख पाहा. पाच वर्षे उलटली असतील, तर आधी पाण्याच्या दाबाची चाचणी, मग भरणी.

६) वजन स्वतःसमोर करून घ्या. हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, म्हणून दाबावरून साठा कळत नाही. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावर कोरलेले असते. ते एकूण वजनातून वजा करा. ४५ किलोच्या भरणीत ४०.५ किलोपेक्षा कमी निघाले, म्हणजे घट १० टक्क्यांहून जास्त झाली. असा सिलिंडर पुन्हा भरावा लागतो.

७) जोडणीचा क्रम चुकवू नका. आधी पॅनेल पूर्वस्थितीत आणा. मग वाल्व्ह उघडणारा ॲक्च्युएटर मागे घेऊन पिन लावा. त्यानंतरच तो सिलिंडरवर बसवा. सुटलेल्या अवस्थेतील ॲक्च्युएटर तसाच चढवला, तर नुकताच भरलेला सिलिंडर हातातच रिकामा होतो. नळ्या व नोझल तपासा. बंद पडलेली यंत्रे, पंखे चालू करणारे स्विच पूर्ववत करा. सर्व झाल्यावर पिन काढायला आणि कुलूप उघडायला विसरू नका.

हे काम परवानाधारक एजन्सीकडून करून घ्यावे. मालकाने प्रत्येक पायरीवर हजर राहावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. भरणी होईपर्यंत खोलीजवळ हाताचे अग्निशामक व पहारा ठेवा, वेल्डिंग बंद ठेवा.

खर्च टाळण्यासाठी रिकामा सिलिंडर पुन्हा जागेवर उभा करण्याचा मोह होतो. रंग तोच, जागा तीच, पाहणाऱ्याला कळत नाही. आपण व्यापारी माणसे, मालाचा तोल पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. येथे तर कामगारांच्या जिवाचा सवाल आहे. काट्यावरचे वजन आणि तारीख चिठ्ठीवर लिहून सिलिंडरला बांधा, तेव्हाच यंत्रणा सज्ज झाली असे समजा.