आजाराचा कागद

मंडळी, आज आपण एका साध्या कागदाविषयी वाचणार आहोत. दवाखान्यात गेलो की तो आपल्या हातात पडतो. कुणी त्याला केसपेपर म्हणतात, कुणी चिठ्ठी म्हणतात. औषध संपले की पुष्कळजण तो टाकून देतात. कुणी त्यात तंबाखू बांधतात, तर कुणी त्याने चूल पेटवतात. असे का करू नये? आधी एक गोष्ट वाचू.

सासूबाईंची चिठ्ठी

एका घरात सासू, मुलगा आणि सून राहत होती. सासूबाईंच्या पायाला खुरप्याची जखम झाली आणि ती चिघळली. डॉक्टरांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन दिले. थोड्याच वेळात सासूबाईंचे तोंड सुजले. अंगावर गांधी उठल्या. श्वास लागला. डॉक्टर जवळच होते म्हणून निभावले.

डॉक्टर म्हणाले, "यांना पेनिसिलीन चालत नाही. पुढं कुठंही गेलात तरी हे आधी सांगा." त्यांनी ते कागदावर इंग्रजीत लिहिले.

सून नुकतीच रात्रीच्या वर्गाला जाऊ लागली होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे मराठीत सांगता का? मी मागं लिहून घेते."

डॉक्टरांनी सांगितले. सुनेने वेडेवाकडे का होईना, पण स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'आत्याबाईंना पेनिसिलीन चालत नाही. तोंड सुजले. श्वास लागला.' खाली तारीख घातली. कागद एका पिशवीत ठेवला आणि पिशवी खुंटीला टांगली.

दोन वर्षे गेली. सून माहेरी गेली होती. इकडे सासूबाईंना एका रात्री सणकून ताप भरला. त्या बरळू लागल्या. मुलाने त्यांना जीपमध्ये घातले. निघताना त्याला खुंटीवरची पिशवी दिसली. तीही त्याने बरोबर घेतली.

तालुक्याचे डॉक्टर नवीन होते. त्यांनी विचारले, "आजींना कुठलं औषध चालत नाही, असं काही आहे का?"

मुलगा म्हणाला, "मागं एकदा काहीतरी झालं होतं, साहेब. मी तेव्हा गावाला होतो. कशानं झालं ते मला ठाऊक नाही." मग त्याने पिशवी पुढे केली.

डॉक्टरांनी कागद पाहिला. पुढची बाजू वाचली, मागचीही वाचली. म्हणाले, "कागद आणलात हे फार चांगलं केलंत. आता यांना दुसरं औषध देऊ."

त्या रात्री सासूबाईंना बोलता येत नव्हते. मुलाला माहीत नव्हते. सून तिथे नव्हती. तिघांच्या वतीने कागदाने सांगितले.

मोठ्या रुग्णालयात काय होते?

आपल्या घरात पाचसात माणसे. त्यांचे कागद एका पिशवीत मावतात. पण मोठ्या रुग्णालयात रोज शेकडो माणसे येतात. त्यांचे कागद कोण सांभाळतो? हे काम आपोआप सुरू झालेले नाही. त्याला बराच काळ लागला.

फ्लोरेन्स नाइटिंगेल या बाईंचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८५४ साली त्या क्रिमियाच्या युद्धातील जखमी शिपायांची शुश्रूषा करायला तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेल्या. तेथे नोंदींचा नुसता गोंधळ होता. किती शिपाई मेले याचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. युद्ध संपल्यावर बाईंनी आकडे नीट मांडले. तेव्हा दिसून आले की, जखमांपेक्षा रोगाने मेलेले शिपाई पुष्कळ जास्त होते. घाण पाणी, तुंबलेली गटारे आणि गर्दी यांनी माणसे मारली होती. नोंदी मांडल्या म्हणून हे कळले. कळले म्हणून उपाय करता आला.

पुढची गोष्ट अमेरिकेतली आहे. तेथे मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तेथील मेयो क्लिनिक या रुग्णालयात प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी असे. एकच रोगी तीन डॉक्टरांकडे गेला तर त्याची हकिकत तीन वह्यांत विखुरली जाई. एकाला दुसऱ्याचे कळत नसे. १९०७ साली हेन्री प्लमर या डॉक्टरांनी नवी पद्धत घातली. प्रत्येक रोग्याला एक नंबर द्यायचा आणि त्याचे सगळे कागद एकाच फायलीत ठेवायचे. साधीच युक्ती! पण आज जगभर रुग्णालये त्याच वाटेने चालतात.

कागद वाढले, तशी ते लावणारी जाणकार माणसे लागू लागली. १९२८ साली अमेरिकेत अशा लोकांनी आपली संघटना काढली. तिच्यात ग्रेस व्हायटिंग मायर्स या बाई पुढे होत्या. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातील कागदपत्रांचे काम त्यांनी अनेक वर्षे सांभाळले होते.

हे काम शिकवणारे कॉलेज

हे काम शिकायला डॉक्टर व्हावे लागत नाही. अमेरिकेत ते कम्युनिटी कॉलेजांत शिकवतात. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आसपासच्या लोकांसाठी काढलेले कॉलेज. फी बेताची. पदवी दोन वर्षांची. पुष्कळ ठिकाणी संध्याकाळचे वर्ग असतात. दिवसा दुकानात काम करणारा माणूस तेथे शिकतो. मुले मोठी झालेली आईही शिकते. अशा प्रकारचे पहिले सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे निघाले. सुरुवातीला विद्यार्थी होते फक्त सहा! पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या मंडळाने सांगितले की, अशी कॉलेजे देशभर निघावीत. आज तेथे ती शेकड्यांनी आहेत.

कागदांचे काम शिकणाऱ्याला तेथे काय काय शिकवतात? शरीराची ओळख. रोगांची नावे. रोगांचे नंबर. होय, रोगांनाही नंबर असतात! जागतिक आरोग्य संघटनेने रोगांची यादी केली आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत कॉलऱ्याला ए ००, तर मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाला ई ११ असा नंबर आहे. गावोगावी रोगांची नावे वेगळी असतात, पण नंबर एकच. त्यामुळे कुठे कोणती साथ वाढते आहे ते चटकन कळते.

आणखी एक गोष्ट पक्की शिकवतात. ती म्हणजे गुप्तता. रोग्याचा कागद चावडीवर वाचायचा नसतो. अमेरिकेने त्यासाठी १९९६ साली कायदाही केला.

या पदवीसाठी भाषा, गणित असे इतर विषयही घ्यावे लागतात. त्यांत इतिहासही घेता येतो. इथे कुणी विचारील, "गुरुजी, कागद लावायला इतिहास कशाला?"

प्रश्न चांगला आहे. इतिहास म्हणजे नुसती राजेरजवाड्यांची नावे नव्हेत. हे कुणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? आधी काय झाले, मग काय झाले? तारीख कोणती? असे विचारायला इतिहास शिकवतो. आजाराच्या कागदालाही हेच विचारायचे असते. आपले डॉक्टरसुद्धा म्हणतात ना, "पेशंटची हिस्टरी सांगा." हिस्टरी म्हणजे इतिहासच. राज्याचा इतिहास असतो, तसा प्रत्येक देहाचाही इतिहास असतो. मग तो राजाचा देह असो की मजुराचा.

आपल्या देशातही कम्युनिटी कॉलेजे निघाली आहेत. पाँडिचेरीला १९९५ साली त्याची सुरुवात झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही या कामाला हात दिला. रुग्णालयातील कागदपत्रांचे शिक्षण आपल्याकडेही मिळते. आज तुम्ही अक्षरे जुळवता आहात. उद्या तुमची मुलगी किंवा नातू हे काम शिकू शकेल. कुणी सांगावे, तुम्ही स्वतःसुद्धा शिकाल!

आपण काय करावे?

कॉलेज दूर राहिले, तरी घरातले काम आजच सुरू करता येते.

१. घरातल्या प्रत्येक माणसाची पिशवी वेगळी करा. वर नाव घाला.

२. कागद तारखेप्रमाणे लावा. जुना खाली, नवा वर. रक्त तपासल्याचा कागद, एक्स-रे, बाळंतिणीचे आणि बाळाचे कार्ड, सगळे त्यातच ठेवा.

३. जे औषध अंगावर उठते, त्याचे नाव एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. तो कागद सर्वांत वर ठेवा. रोजच्या गोळ्यांची नावेही लिहा.

४. डॉक्टरांनी लिहिलेले कळले नाही तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर मराठीत लिहून घ्या.

५. रुग्णालयात भरती झालेल्या रोग्याला आपल्या कागदांची नक्कल मागता येते. २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी ती द्यायला हवी. हे कागद डॉक्टरांनी निदान ३ वर्षे ठेवायचे असतात. त्यानंतर ते मिळतीलच असे नाही. म्हणून नक्कल वेळेवर मागा. मागणी लेखी करा आणि तारीख घाला.

६. पिशवी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. गोष्टीतल्या मुलाला पिशवी दिसली म्हणून बरे झाले. ती पेटीच्या तळाशी असती तर?

आपल्या आजीपणजींच्या आजारांची कुठे नोंद नाही. 'देवाज्ञा झाली' एवढेच आपल्याला ठाऊक. त्यांना काय झाले होते, कोणते औषध लागू पडले, काहीच कळायला मार्ग नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. आपल्याला येते. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. त्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे नाव लिहा. मग त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला आजवर काय काय दुखणं झालं?" ते सांगतील तसे लिहून घ्या.

विचार करा व सांगा

१. सुनेने कागदाच्या मागे काय लिहिले? तारीख का घातली?

२. मेयो क्लिनिकमध्ये १९०७ साली कोणती नवी पद्धत सुरू झाली?

३. आजाराचा कागद आणि इतिहास यांत सारखे काय आहे?

४. तुमच्या घरी दवाखान्याचे कागद कुठे असतात? उद्या वर्गात येऊन सांगा.