बारा बोर की वीस बोर? आधी खांदा आणि कान पाहा

दिवाळीच्या सुटीत तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार आपल्या नातीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी सतरा वर्षांची. वडील फौजेत, सध्या दिल्लीला. तेथे तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर ती ‘ट्रॅप’ शिकते. जमिनीतल्या यंत्रातून बशीसारखी चकती भिरकावली जाते आणि ती छर्ऱ्याच्या बंदुकीने हवेतच फोडायची, असा हा खेळ. चकतीला ‘क्ले पिजन’, म्हणजे मातीचे कबूतर म्हणत असले तरी त्यात कबूतर नाही आणि मातीही नाही. पिच आणि चुनखडीची भुकटी यांची ती ११० मिलिमीटर रुंदीची, १०५ ग्रॅमची वस्तू. १९६२ साली कर्णीसिंहांनी कैरोच्या जागतिक स्पर्धेत याच खेळात रौप्यपदक मिळवले. २००४ साली अथेन्सला फौजेतल्याच राज्यवर्धनसिंह राठोडांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले. सुभेदारांच्या घरात हा खेळ शिरला तो तेव्हापासून.

मुलीचा उजवा दंड काळानिळा झाला होता. सुभेदार म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, बारा बोर पोरीला झेपत नाही. वीस बोर घेऊन द्यावी म्हणतो. तुम्ही सांगा.’’

बंदूक निवडून देणे हे काही एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात नव्हते. पण धक्का कोठे बसतो आणि त्याने काय होते, हे मात्र आमच्याच खात्यातले.

प्रथम बोर म्हणजे काय ते पाहू. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीची जी जाडी, तेवढी बारा बोरच्या नळीची रुंदी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या की गोळी लहान, म्हणून वीस बोरची नळी साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. आकडा मोठा तेवढी नळी अरुंद. एवढ्यावरून ‘वीस बोर म्हणजे मऊ बंदूक’ असा समज होतो आणि येथेच गफलत होते.

खांद्याला नळीची रुंदी कळत नाही. त्याला कळते ते किती ग्रॅम छर्रे किती वेगाने पुढे गेले आणि मागे येणारी बंदूक किती जड आहे. चकत्यांच्या खेळातली बारा बोर साडेतीन किलोच्या घरात असते, वीस बोर बहुधा हलकी. समजा ती २.८ किलो आहे. दोन्हींतून २४ ग्रॅम छर्रे सारख्याच वेगाने सोडले तर हलक्या वीस बोरचा धक्का बारा बोरपेक्षा सुमारे पाव पट जास्त बसतो! वीस बोरमध्ये २१ ग्रॅमचे काडतूस घातले, तर कोठे तो बारा बोरच्या २४ ग्रॅमच्या बरोबरीला येतो, आणि छर्रे एक अष्टमांशाने कमी होतात ते वेगळेच. उलट त्याच बारा बोरमध्ये २८ ग्रॅमऐवजी २४ ग्रॅमचे काडतूस वापरले, तर धक्का चौथाईहून जास्त उतरतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २४ ग्रॅमचीच मर्यादा आहे. बारा बोरपेक्षा मोठी बंदूक चालत नाही, लहान चालते. पण लहान वापरली म्हणून गुण काही जास्त मिळत नाहीत.

मुलीला विचारले, ‘‘काडतूस किती ग्रॅमचे?’’ ती म्हणाली, ‘‘काका, सरावाला मिळतील ती. डब्यावर अठ्ठावीस लिहिलेले असते.’’ एका फेरीत पंचवीस चकत्या, प्रत्येकीला दोन बार सोडायची मुभा, आणि दिवसाला तीन फेऱ्या. बेरीज तुम्हीच करा.

पण मला खटकली ती जखमेची जागा. बंदुकीचा दस्ता, ज्याला फौजी मंडळी बट म्हणतात, तो गळपट्टीचे हाड आणि खांद्याचा सांधा यांच्यामधल्या मांसल खळग्यात बसायला हवा. हिचा डाग होता त्याच्या बाहेर, दंडावर. बंदूक क्लबची, मोठ्या माणसाच्या मापाची. दस्ता लांब पडतो, मग तो आपोआप दंडाकडे सरकतो. दस्ता आखूड पडला तर उलटे होते, स्वतःचाच अंगठा नाकावर आदळतो. अशा वेळी बोर बदलून काही साधत नाही. दस्ता कापून मापात आणावा लागतो.

मग वीस बोर कोणी घ्यावी? ज्याला साडेतीन किलो वजन दिवसभर उचलून धरवत नाही त्याने. तेरा-चौदा वर्षांचे किरकोळ अंगाचे मूल, किंवा खांद्याचे स्नायू झिजलेला साठीचा माणूस. मात्र काडतूस २१ ग्रॅमचेच. खांदा आखडलेला असेल, मधुमेह असून हात वर जात नसेल, तर आधी तपासून घ्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर साधा डागही हातभर पसरतो. पेसमेकर ज्या बाजूला बसवला आहे, त्या खांद्यावर बंदूक टेकवायचीच नाही. धक्क्यांनी त्याची तार तुटू शकते.

कानाच्या बाबतीत तर बोरची निवड हा प्रश्नच नाही. बारा असो वा वीस, बार होताना आवाजाचे टोक दीडशे डेसिबलच्या पुढे जाते. १४० च्या वर एकच बारही कानाला धोक्याचा. आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कापसाचा बोळा निरुपयोगी. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही हवेत. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीकडे राहतो, म्हणून तो आधी जातो.

हे सांगत असताना सुभेदार मान वळवून उजवा कान माझ्याकडे करीत होते. त्यांच्याजवळ पीकसंरक्षणाची बारा बोर आहे, आणि कानात काही घालणे म्हणजे त्यांच्या मते नखरे.

त्या बारा बोरमुळेच मी वीस बोरला सरळ नाही म्हटले. वीस बोरचे काडतूस चुकून बारा बोरमध्ये पडले तर ते पुढे घसरून नळीत अडकते. बंदूक उघडून पाहिली तर घर रिकामे दिसते. मग माणूस मागून बाराचे काडतूस घालतो, घोडा ओढतो आणि नळी फाटते. पुढे धरलेला डावा हात तेथेच असतो. म्हणून बहुतेक कंपन्या वीसची काडतुसे पिवळ्या रंगात काढतात. पण तिन्हीसांजेला, डुकरे शेतात शिरली असताना, कोटाच्या खिशात हात घालणारा रंग पाहत नाही. ज्या घरात दोन बोर, तेथे दोन वेगळी कुलुपे हवीत.

मुलीला तीन आठवडे बंदूक बंद सांगितली. डाग तोवर पिवळा पडून गेला. दस्ता मापाचा करून घेतला, काडतुसे २४ ग्रॅमची, असा तिचा फोन आला. आजोबांना मी जिल्ह्याच्या गावी ऑडिओग्रामला पाठवले. ४००० हर्ट्झला डाव्या कानाचा आलेख विहिरीसारखा खाली गेलेला होता. तो कागद घेऊन ते आले तेव्हा म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, ते प्लग कोठे मिळतात?’’