‘वऱ्हाड’ शब्दाचे दोन देह

(बी.ए. द्वितीय वर्ष)

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही जोडी मराठीच्या तासाला आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. पहिल्यास वंदन करावे, दुसऱ्यास भाजीत मीठ किती ते विचारावे. रफार आणि अर्धा ऱ ह्यांतला फरक सांगण्यासाठी सर हे उदाहरण देतात, आपण हसतो आणि वही मिटतो. त्याच अर्ध्या ऱ पायी एके दिवशी माझी फी बुडेल, असे मला कोणी सांगितले असते, तर मी त्यालाही हसलो असतो.

झाले असे. गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीचा अर्ज मी मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी मोबाईलवर भरला. पासवर्ड मराठीत चालत होता, म्हणून मोठ्या हौसेने ‘वऱ्हाड’ हा शब्द आणि पुढे काही आकडे ठेवले. (तो आता बदलला आहे, कोणी श्रम घेऊ नयेत.) शेवटच्या दिवशी अमरावतीला नेट सेंटरवर बसून तोच शब्द संगणकाच्या कळपाटीवर टाकला. ‘पासवर्ड चुकीचा.’ पुन्हा टाकला. पडद्यावर अक्षर न् अक्षर तेच दिसत होते. पाच वेळा चुकल्यावर खाते चोवीस तासांसाठी बंद झाले, आणि मुदत तर रात्री बारालाच संपत होती. सेंटरवाले दादा म्हणाले, “कायले ताप करून घेता भाऊ, इंग्रजीत टाकत जा ना!” त्या सत्राची फी वडिलांनी तुरीचे कट्टे विकून भरली. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, हेच जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी खाते उघडल्यावर मोबाईलवरून तोच पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात चालला! म्हणजे मी चुकलो नव्हतो. मग चुकले कोण? आमच्या सरांच्या मदतीने महाविद्यालयातील संगणकावर मी दोन्हीकडचा ‘वऱ्हाड’ उघडून आत पाहिला. जे सापडले ते मित्रहो, तुमच्यापुढे ठेवतो.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. कोणत्या चिन्हाला कोणता आकडा, हे ठरवणारा भारतीय लिप्यांचा ‘इस्की’ हा तक्ता १९९१ साली भारतीय मानक म्हणून आला. जगातील लिप्यांसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. युनिकोडमधील चिन्हे साठवण्याची आज सर्वांत रूढ असलेली रीत म्हणजे यूटीएफ-८. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘र’ म्हणजे २२४, १६४, १७६ आणि ‘ऱ’ म्हणजे २२४, १६४, १७७.

आता गंमत पाहा. ‘वऱ्हाड’ लिहिण्याची एक रीत अशी: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा चिन्हे, अठरा बाइट. इन्स्क्रिप्ट कळपाटीवर ‘ऱ’ शिफ्ट दाबून मिळतो, त्यामुळे तिथे हेच रूप सहज उमटते. दुसरी रीत अशी: व, साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, मग ह, काना, ड. सात चिन्हे, एकवीस बाइट. ह्या जोडचिन्हाला रुंदी नाही, रूप नाही. ‘रफार करू नकोस, अर्धा ऱ काढ’ एवढाच निरोप ते देते. युनिकोडच्या नियमांत दोन्ही रीती मान्य आहेत, आणि डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात. माझ्या मोबाईलने दुसरी रीत वापरली होती, सेंटरच्या संगणकाने पहिली.

चांगली प्रणाली पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्याच्या बाइटांचे गणिती मिश्रण करून त्याचा ‘हॅश’ तेवढा ठेवते. पिठावरून जसा दाणा परत मिळत नाही, तसा हॅशवरून शब्द परत मिळत नाही. एका बाइटाचा फरक पडला तरी पीठ सर्वस्वी निराळे. इथे तर तीन बाइट जास्त होते.

ह्यावर उपाय म्हणून ‘प्रमाणीकरण’ नावाची क्रिया आहे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे ती एका साच्यात आणते. उदाहरणार्थ, र खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ ती स्वतंत्र ‘ऱ’ मध्ये बदलते. परंतु अदृश्य जोडचिन्हाच्या रूपाला ती हात लावत नाही. पासवर्डसाठी २००५ साली झालेला ‘सासलप्रेप’ हा नियम ते जोडचिन्ह पुसूनच टाकतो. मग उरतो रफाराचा ‘वर्हाड’. त्याची जागा २०१५ मध्ये नव्या नियमाने घेतली. तो हलन्तानंतरचे जोडचिन्ह राखतो. म्हणजे जुन्या नियमाने पाहा की नव्या, आपले दोन ‘वऱ्हाड’ काही एक होत नाहीत! माझ्या मते मराठीसाठी एक जास्तीचे पाऊल घालायला हवे: र, हलन्त आणि जोडचिन्ह हे त्रिकूट दिसताच त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त करावा, आणि हे पासवर्ड ठरवताना व तपासताना दोन्ही वेळी करावे. एकाच बाजूला केले तर घोटाळा वाढेल.

माझ्या बाबतीत दार उघडले नाही, एवढेच झाले. याच्या उलट प्रकार अधिक भयंकर आहे. काही प्रणाली मराठी चिन्हे जुन्या इंग्रजी तक्त्यात बसवू पाहतात. ती बसत नाहीत तेव्हा प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातात. ‘अमरावती’ ह्या शब्दात सात चिन्हे आहेत; मोजून पाहा, ‘चिखलदरा’ मध्येही सातच. दोन्हींची सात प्रश्नचिन्हे झाली, की अमरावतीचे कुलूप चिखलदऱ्याच्या किल्लीने उघडणार! ही कल्पना नव्हे. ‘जेबीक्रिप्ट’ नावाच्या हॅश करणाऱ्या साधनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत नेमका हाच दोष होता. तो २०१० मध्ये दुरुस्त झाला. त्याच ‘बीक्रिप्ट’ पद्धतीला ७२ बाइटांची मर्यादाही आहे. इंग्रजी माणसाला ती ७२ अक्षरे पुरते, आपल्याला २४ चिन्हे. पंचविसाव्यापासून पुढे काय लिहिले, ते अनेक प्रणाली मुकाट्याने सोडून देतात.

तेव्हा रूपांतर जमले नाही तर प्रणालीने तडजोड करू नये, स्पष्ट नकार द्यावा, आणि तो पासवर्ड ठरवतानाच द्यावा, म्हणजे माणूस मुदतीच्या रात्री अडकत नाही. तपासताना अडले तर ‘पासवर्ड चुकीचा’ असे खोटे सांगू नये, ‘ही अक्षरे वाचता आली नाहीत’ असे सांगावे. तो प्रयत्न पाचात धरायचा की नाही, ह्यावर सरांचे व माझे एकमत झाले नाही. मी म्हणतो, धरू नये. सर म्हणतात, मग चोर मुद्दाम वाचता न येणारी अक्षरे पाठवून यंत्राला थकवील; त्यासाठी वेगळी, सैल मर्यादा असावी. त्यांचे बरोबर असावे. काहीही झाले तरी चुकीच्या नोंदवहीत तो पासवर्ड मात्र लिहून ठेवू नये.

जुन्या खात्यांचे काय? हॅशचे रूपांतर करता येत नाही. पण माणूस आत येऊ पाहतो तेव्हा त्याने टाकलेला शब्द आधी साच्यात आणून तपासावा, जुळला नाही तर टाकला तसा तपासावा. दुसऱ्या रीतीने जुळला, तर तिथेच साच्यातल्या रूपाचा नवा हॅश करून ठेवावा. माझ्यासारखा कोणी मोबाईलवरून एकदा आत आला, की पुढे संगणकावरही अडणार नाही.

घरी हे सारे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “माह्या आंगठ्याले काना-मात्रा नाई लागत.” खरे आहे. पण कापूस वेचून वेचून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, आणि रेशनच्या दुकानात ते यंत्रही तिला दोन-तीनदा परत अंगठा लावायला सांगते.

सेंटरवाल्या दादांचा सल्ला मी मानलेला नाही. पासवर्ड इंग्रजीत ठेवता येईल, पण ज्यांच्या आडनावातच हे अक्षर आहे त्या गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे मंडळींनी काय करावे? नावाच्या पडताळणीतही तेच दोन देह एकमेकांसमोर येतात. सध्या सरांच्या सांगण्यावरून मी अशा शब्दांचा तक्ता करतो आहे, प्रत्येक शब्द दोन्ही रीतींनी लिहून. कोणतीही प्रणाली तपासायला तो उपयोगी पडेल. त्यात तिवसा तालुक्यातील कुऱ्हा आले आहे, बऱ्हाणपूर आले आहे, आणि शेजारी मुद्दाम दर्यापूर ठेवले आहे, कारण तिथे रफारच हवा; दर्यापूरचे दऱ्यापूर करणारी प्रणालीही नापासच. ज्यांच्या गावाच्या किंवा घराच्या नावात हा ऱ आहे, त्यांनी ते नाव मला ग्रंथालयात आणून द्यावे. मोबाईलवर टाईप करून पाठवू नये. कागदावर लिहून द्यावे.