छंदाला वारस कोण?

घर, शेती, दागिने आणि बँकेतील ठेवी यांची आपल्या पश्चात काय व्यवस्था व्हावी, याचा विचार बहुतेक जण कधी ना कधी करतात. परंतु गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली सुटी करून ठेवलेली जुनी मोटार किंवा स्कूटर हीदेखील मालमत्ताच आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लखनौच्या महानगर भागातील शाखेत काम करीत असताना आलेल्या एका अनुभवाने मला या विषयाचा अभ्यास करण्यास प्रवृत्त केले. तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचे एक ज्येष्ठ ग्राहक, मूळचे पुण्याचे निवृत्त अभियंता, आपल्या दिवंगत मित्राच्या पत्नीला घेऊन शाखेत आले. मुदत ठेवींवर नामनिर्देशन झालेले होते. मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज सादर होताच काम विनासायास मार्गी लागले. निघताना त्या बाईंनी सहज विचारले, “आणि त्यांच्या गाडीचे काय करायचे?”

गाडी म्हणजे १९६०च्या दशकातील फियाट ११००. इंजिन लाकडी बाकावर, दरवाजे माळ्यावर आणि स्क्रू बिस्किटांच्या डब्यांत. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता. मुलगा परदेशी. ठेवींना नामनिर्देशित व्यक्ती होती. ज्या गाडीवर त्या गृहस्थांनी वीस वर्षांचे रविवार खर्च केले, तिला मात्र कोणीच नव्हते.

बाई रिक्षात बसल्यावर आमचे ग्राहक थोडा वेळ थांबले. म्हणाले, “साहेब, आम्ही पाच जण होतो. दर रविवारी कोणाच्या तरी अंगणात बॉनेट उघडलेले असायचे. आता दोघेच उरलो. माझी लॅम्ब्रेटाही अर्धवटच आहे. ती कोणाच्या हाती सोपवू?”

लखनौने घेतलेला वारसा

हा प्रश्न लखनौत विचारला जावा, याला एक अर्थ आहे. इटलीतील इनोसेंटी कंपनीने लॅम्ब्रेटाचे उत्पादन थांबविल्यावर तेथील यंत्रसामग्री, आराखडे व तांत्रिक कागदपत्रे भारताने विकत घेतली. त्यासाठी १९७२ साली ‘स्कूटर्स इंडिया’ हा सरकारी उपक्रम स्थापन झाला आणि लखनौ-कानपूर मार्गावरील कारखान्यात १९७५ साली उत्पादन सुरू झाले. देशात ‘विजय सुपर’ व परदेशांत ‘लॅम्ब्रेटा’ या नावांनी स्कूटर विकल्या गेल्या. १९९७ साली स्कूटरचे उत्पादन थांबले. ‘विक्रम’ तीनचाकी पुढे चालू राहिली. २०२१ साली कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

यातून एक बोध मिळतो. मिलानची स्कूटर लखनौत पुन्हा जन्मली, कारण यंत्रांबरोबर आराखडेही आले. नुसते लोखंड आले असते तर ते भंगारच ठरले असते.

पुढे कारखानाही बंद पडतो, तेव्हा ते ज्ञान केवळ मालकांच्या आणि मिस्त्रींच्या हातांत उरते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचेही तेच झाले. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. आता त्या गाडीची नस ओळखणारी माणसेही वर्षागणिक कमी होत आहेत.

कायद्याने काय साधते?

१. नामनिर्देशन : २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या सुधारणेनुसार वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लावता येते. पूर्वी नोंदलेल्या वाहनांसाठीही ही सोय आहे. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो.

२. मृत्युपत्र : नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. बँक ठेवींच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, हे आपण जाणतोच. मृत्युपत्र नसल्यास हिंदू पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथमतः पत्नी, मुलगे, मुली व आई यांच्याकडे जाते. जिवलग मित्राचा वा होतकरू मिस्त्रीचा तीत हक्क नाही. त्यांना काही द्यावयाचे असल्यास तसे मृत्युपत्र करावे. त्यावर स्वतःची व दोन साक्षीदारांची स्वाक्षरी हवी. मुद्रांक कागद वा नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी केलेली बरी. ज्यास लाभ मिळणार, त्यास साक्षीदार करू नये.

३. हयातीतील हस्तांतरण : नमुना २९ व ३० भरून वाहन स्वतःच योग्य व्यक्तीच्या नावे करून देता येते. हा मार्ग सर्वांत सरळ. देताना शिकविताही येते.

४. व्हिंटेज नोंदणी : पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी २०२१ पासून स्वतंत्र नोंदणीची तरतूद आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये असे त्या नियमांत ठरविले आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन वा दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. लखनौत १९७५ साली तयार झालेल्या पहिल्या स्कूटरनी २०२५ साली पन्नाशी गाठली आहे.

कायदा जे देऊ शकत नाही

कायद्याने गाडी हाती येईल. तिची जाण येणार नाही. येथे लखनौकर मराठी माणसाला पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवल्यावाचून राहत नाहीत. १९२६ साली या शहरात संगीत महाविद्यालय उभारणाऱ्या भातखंड्यांनी घराण्यांच्या कंठात असलेल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरविल्या व छापल्या. गाणारा गेला तरी बंदिश उरावी, ही त्यामागची तळमळ. आपल्या गॅरेजसाठी एक वही पुरेशी आहे. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात :

• सुट्या भागांची यादी. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि शक्य तर छायाचित्र.
• कोणता भाग कोणाकडून उसना आणला, आपला कोणता भाग कोणाकडे आहे.
• काय काम झाले, काय राहिले, कोठे अडले.
• वस्तूंची अंदाजे किंमत, म्हणजे घरच्यांना कोणी फसविणार नाही.
• सल्ल्यासाठी विचारावे अशा दोन-तीन जाणकारांची नावे.

वहीची एक प्रत घरातल्यांच्या माहितीत ठेवावी. ती किंवा मृत्युपत्र केवळ स्वतःच्या नावावरील लॉकरमध्ये ठेवू नये. ज्या वेळी गरज पडते, नेमका त्याच वेळी तो लॉकर उघडण्यास अवधी लागतो.

आणि मुलांना आवड नसेल, तर त्यांना दोष देऊ नये. प्रत्येक पिढीचा छंद निराळा असतो. वारस रक्ताचाच असला पाहिजे, असा आग्रह संगीतातही सर्वांनीच धरला नाही. तेथे शिष्य पुरतो.

काही महिन्यांनी आमचे ग्राहक पुन्हा आले ते लॉकरचे नामनिर्देशन बदलण्यासाठी. मित्राच्या फियाटच्या नोंदणीचे सोपस्कार पूर्ण झाले होते आणि त्या बाईंनी ती, डब्यांसकट, शेजारच्या वस्तीतील एका तरुण मिस्त्रीला दिली होती. तोच मुलगा आता रविवारी त्यांच्याकडे येतो. “लॅम्ब्रेटाचा पाना हल्ली त्याच्याच हाती असतो,” ते म्हणाले. “मी खुर्चीवर बसून फक्त सांगतो. कधी कधी त्याला माझ्याआधीच कळते.”

वाचकहो, आपल्या ठेवींवर नामनिर्देशन केले आहे की नाही, हे आम्ही नेहमीच विचारतो. या वेळी आणखी एक विचारतो : आपल्या छंदावर कोणाचे नाव लावले आहे? ते नाव सुचत असेल, तर येत्या रविवारी त्याला घरी बोलवा.