संसाराची बेगमी

पावसाळ्याची बेगमी करणे हा भुदरगड तालुक्यातील घरांचा पिढीजात धर्म आहे. आमचे गारगोटी वेदगंगेच्या काठचे. वर पाटगावच्या खोऱ्यात, जेथे आता मौनीसागराचा जलाशय आहे, तेथे सह्याद्रीला बिलगून येणारा पाऊस एकदा लागला म्हणजे आठ-आठ दिवस डोके वर काढू देत नाही. म्हणून वैशाख सरण्याच्या आत भात, नाचणा, हुलगे, शेणी, सरपण, गुरांची वैरण आणि मीठ-मिरची यांची तजवीज करून मगच मिरगाची वाट पाहावी, असा शिरस्ता पूर्वापार चालत आला. पुढे रस्ते झाले, दुकाने झाली, महिनाअखेर रोख पैसा हाती येऊ लागला, आणि हा शिरस्ता हळूहळू सुटला. परंतु रस्ता, दुकान आणि रोख पैसा ही तिन्ही अवलंबने माझ्या डोळ्यांदेखत वेगवेगळ्या वेळी एकाएकी निकामी झालेली मी पाहिली आहेत. त्या अनुभवांतून जे शिकावयास मिळाले, ते नव्याने संसार मांडणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

पहिला प्रसंग १९८२ सालचा. १८ जानेवारी रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा त्या घटनेचा आमच्या डोंगरातील वाड्यावस्त्यांशी काय संबंध, असे परक्याला वाटले असते. पण भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड या तालुक्यांतील कितीतरी घरांचा कर्ता पुरुष लालबाग-परळच्या गिरणीत होता आणि गावाकडचा प्रपंच त्याच्या मनिऑर्डरीवर चालत होता. माझे एक चुलते त्यांपैकीच. दरमहा ठराविक सुमारास पोस्टमन दारी येई, अंगठा वा सही होई, आणि त्यातून दुकानाची उधारी, शाळेची फी, सोसायटीचा हप्ता असे सर्व व्यवहार फिटत. संप लांबला, महिने उलटले, वर्ष उलटले, मनिऑर्डरी आटल्या, आणि खानावळीचे पैसे थकलेली माणसे मुंबईतील गावकीच्या खोल्यांना कुलपे लावून एस.टी.ने परत येऊ लागली. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुष्कळांची गिरणी त्यांच्यापुरती कायमची बंद झाली.

त्या दिवसांत कोणती घरे तगली आणि कोणती मोडली, हे मी जवळून पाहिले. पगाराचा आकडा ज्यांचा मोठा होता ती तगली, असे झाले नाही. ज्या घरातील बाईने नवरा मुंबईला असतानाही वीस गुंठ्यांचे भातखाचर पडीक पडू दिले नव्हते, म्हैस दावणीला ठेवली होती आणि परड्यात पावटा-दोडका लावण्याचा नेम सोडला नव्हता, त्या घरात परत आलेल्या पुरुषाला बसावयास जागा आणि करावयास काम होते. माझ्या चुलतीने चालू ठेवलेल्या शेतीला त्यापूर्वी घरात कोणी मिळकत म्हणत नसे. परंतु संपाच्या काळात त्याच शेतीने सहा माणसांच्या तोंडी घास घातला. याउलट ज्यांनी रान खंडाने देऊन टाकले होते आणि सर्वस्वी मनिऑर्डरीवर विसंबून जे राहिले होते, त्यांनी प्रथम सोने गहाण टाकले, मग म्हैस विकली आणि शेवटी जमिनीचा तुकडाही हातचा घालविला.

दुसरा अनुभव पैशाच्या ठेवीचा. आमच्या भागातील एक पतसंस्था, जिच्यावर माणसे डोळे मिटून विश्वास टाकीत, ती बुडाली, तेव्हा माझ्या एका आप्ताची निवृत्तीच्या वेळी मिळालेली सर्व रक्कम तीत अडकली. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त जवळ आला, आणि ठेवीच्या पावत्या ट्रंकेत असूनही त्यांच्यावर एक रुपया मिळेना. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि आठवड्याच्या आतच जिल्हा सहकारी बँकांना त्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. तेव्हा ज्यांचे एकमेव खाते जिल्हा बँकेच्या गावशाखेत होते, त्या शेतकऱ्यांची ऐन सुगीत कशी कोंडी झाली, हे आमच्या तालुक्याने अनुभवले आहे. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे, आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांना मात्र ते लागू नाही. एवढी एक गोष्ट माझ्या त्या आप्तास कोणी वेळेवर सांगितली असती, तर त्या घरावरचा केवढा तरी प्रसंग टळला असता.

तिसरा अनुभव महापुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने कोल्हापुरास वेढा घातला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांस धोक्याची पातळी मानतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ आणि निपाणीअलीकडे वेदगंगेवर यमगर्णीपाशी पुणे-बेंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन जवळजवळ आठवडाभर बंद पडला. आम्ही पुराच्या तोंडापासून दूर, उंचावर. तथापि गारगोटीच्या बाजारपेठेला माल येतो तो याच वाटांनी. पेट्रोल संपले, एटीएम रिकामे झाले, भाजी दिसेनाशी झाली, दूधसंकलन थांबल्यामुळे गवळ्यांना दूध वाटून टाकावे लागले. शेजारच्या काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची शेवटची पट्टी संपत आली आणि औषधाच्या दुकानात ती गोळी नव्हती. गल्लीत चौकशी करता दुसऱ्या एका घरी तीच गोळी निघाली म्हणून निभावले. कोल्हापूर शहरात तर उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असूनही नळ कोरडे पडले. नदीकाठच्या शिवारात शेंड्यात गाळ बसून उभा ऊस कुजला. २०२१ च्या जुलैत हेच संकट पुन्हा आले, आणि महामार्ग पुन्हा बंद झाला. ‘शंभर वर्षांतून एकदा’ असे म्हणून समाधान मानण्याचे दिवस सरले, हे तेव्हा सर्वांनाच कळून चुकले.

या सर्व प्रसंगांत मला एकच सूत्र दिसते. एकखांबी तंबू वाऱ्यात टिकत नाही. मग तो खांब मुंबईची मनिऑर्डर असो, एकच पतसंस्था असो, एकच रस्ता असो की एकच नगदी पीक असो. राष्ट्राचीही गत निराळी नसते. २०२२ साली श्रीलंकेत परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा पेट्रोल, गॅस आणि औषधे यांसाठी लोक रांगांत तिष्ठत उभे राहिले; त्याच्या आदल्याच वर्षी रासायनिक खतांची आयात अकस्मात बंद केल्यामुळे तेथील भाताचे पीक घसरले होते, आणि दोन्ही संकटे एकात एक मिसळली. आर्थिक उत्पात आणि निसर्गाचा कोप हे पुष्कळदा हातात हात घालूनच येतात. म्हणून त्यांची तयारीही एकत्रच करावी लागते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्रथम धान्य. घरातील माणसांना तीन महिने पुरेल इतके धान्य-कडधान्य, तेल, मीठ, गूळ आणि सरपण अथवा गॅसचे भरलेले जादा सिलिंडर पावसाळ्यापूर्वी घरात असावे. आणि जे नित्य खातो तेच साठवावे, जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. तांदळापेक्षा भात अधिक टिकते, म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी भातच ठेवून लागेल तसे गिरणीत न्यावे. माझी आई वैशाखात अंगणात भात वाळत घाली, आणि संध्याकाळी चार दाणे उचलून दाढेखाली धरी. दाणा कटकन तुटला तर ते कणगीत भरी, दबला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात पसरी. ओला दाणा साठविला म्हणजे बुरशी आणि कीड आपणच साठविली, असे ती म्हणे. डाळी-कडधान्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला, तुरीला एरंडेलाचा हात, बियाण्याला राख, हे उपाय आजही तितकेच गुणकारी आहेत. नाचणा नीट वाळवून ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकतो. त्याचे एक पोते प्रत्येक घरी असावे.

दुसरे पाणी. पिण्यास आणि स्वयंपाकास दर माणशी दररोज चार लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला वीस लिटर लागते. निदान आठवड्याचा साठा झाकणाच्या भांड्यांत ठेवावा. पावसात नळ बंद पडला तर पागोळ्यांकडे पाहावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पाच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब छपरावर शंभर मिलिमीटरांचा एक दिवस म्हणजे पाच हजार लिटर. पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे, पुढचे पन्हाळीने पिंपात धरावे, चारपदरी धडप्यातून गाळून उकळूनच प्यावे. पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल, तर जंतुनाशक टीसीएल पावडर टाकून ग्रामपंचायतीने पाणी तपासल्याखेरीज ते तोंडाला लावू नये. जुलाबाने पोर कोमेजले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे, आणि दवाखाना गाठावा. नित्याच्या औषधांचा एक महिन्याचा जादा साठा, कंदील, काड्यापेट्या, बॅटरी आणि मोबाइलसाठी भरलेली पॉवर बँक ही सामग्री एकाच ठिकाणी, अंधारातही हाताला लागेल अशी असावी.

तिसरा पैसा. एक महिन्याच्या खर्चाइतकी रोकड लहान नोटांत घरी ठेवावी. वीज आणि नेटवर्क गेले म्हणजे फोनवरून पैसे देता येत नाहीत. उरलेली शिल्लक निदान दोन निरनिराळ्या बँकांत विभागावी, त्यांपैकी एक राष्ट्रीयीकृत असावी, आणि अर्धा-एक टक्का जादा व्याजाच्या मोहाने सर्व पुंजी एका ठिकाणी गुंतवू नये. कर्ज काढताना असा विचार करावा की, सहा महिने मिळकत बंद पडली तर हा हप्ता कशातून जाईल? उत्तर सापडत नसेल, तर ते कर्ज, मग ते ट्रॅक्टरसाठी असो की घरावरच्या मजल्यासाठी, तूर्त न काढणे बरे. जामीन राहण्याच्या बाबतीतही हाच निकष लावावा. जेवढी रक्कम आपण स्वतः भरू शकू, तेवढ्यालाच सही करावी.

चौथे दस्तऐवज. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्यास येतो तेव्हा हाती कागद नसलेल्या माणसाची जी धावपळ होते, ती पाहवत नाही. सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक, विम्याच्या पावत्या आणि मुलांचे दाखले यांच्या प्रती एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंच ठेवाव्यात. दुसरा संच परगावच्या नातेवाइकाकडे द्यावा, आणि छायाचित्रे मोबाइलमध्ये असावीत. सातबाऱ्यावर घरधनिणीचे नाव लागलेले असावे, हे मी आग्रहाने सांगतो. संपाच्या काळात घर जिने सावरले, तिला त्या जमिनीवर पीककर्ज मागण्याचा अधिकार कागदोपत्री नव्हता.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उपजीविकेचे दुसरे साधन. उसाचे बिल कायद्याने चौदा दिवसांत मिळावयाचे असले, तरी ते नेहमी तसे मिळत नाही हे प्रत्येक खातेदार जाणतो. म्हणून सर्व रान उसाखाली न घालता चार गुंठे तरी घरच्या भाताला, कडधान्याला आणि भाजीला राखावेत. नोकरदारांनी हाताला एखादी कारागिरी लावून घ्यावी: शिवणकाम, पंप-मोटारीची दुरुस्ती, गवंडीकाम, मधमाश्यांच्या पेट्या. पाटगावने मधाचे गाव म्हणून जे नाव मिळविले आहे, ते या डोंगराने माणसाला दिलेल्या दुसऱ्या साधनाचेच फळ आहे. हे साधन चांगल्या दिवसांतच चालू ठेवावे लागते. म्हैस दावणीला बांधल्याच्या दिवशीच दूध देत नाही, आणि कसब एका आठवड्यात हाती येत नाही.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांविषयी. संकटाची चाहूल लागताच दुकानावर तुटून पडून पोतीच्या पोती घरात भरणारा माणूस स्वतःस शहाणा समजतो. पण त्या घाईने भाव चढतात, आणि ज्याच्या घरी रोजची मजुरी आल्यावर रोजचे पीठ येते, त्याच्या तोंडचे ते जाते. निवांतपणी, सुगीत, स्वस्ताईत केलेल्या संचयाने कोणाचेच नुकसान होत नाही. शेतीच्या कामांत आमच्याकडे पैरा, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबण्याची रीत, चालतो. तसाच तो आपत्तीतही चालावा. गल्लीत एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरे कोणती, कोणाला कोणते औषध लागते, कोणाच्या विहिरीचे पाणी पुरात शुद्ध राहते, ट्रॅक्टर कोणाचा आणि होडी चालविणारा कोण, याची यादी गल्लीच्या मंडळाने मे महिन्यात बसून करावी. गणपतीच्या वर्गणीची यादी जे मंडळ इतक्या चोखपणे करते, त्याला हे अवघड नाही.

ज्या घराची बेगमी वेळेवर झालेली असते, ते संकटाच्या दिवशी कोणत्याही रांगेत उभे राहत नाही. रांगेतील त्याची जागा आणि दुकानातील त्याचा वाटा, ज्याला खरोखरच दुसरा आधार नाही त्याच्यासाठी मोकळा राहतो. म्हणून ही तयारी स्वार्थासाठी आहे असे कोणी मनात आणू नये. तीन महिन्यांचे धान्य, आठवड्याचे पाणी, दोन ठिकाणची शिल्लक, एका पिशवीतील कागद आणि हाताचे दुसरे काम, एवढे सांभाळणे सामान्य प्रापंचिकाच्या आवाक्याबाहेरचे नाही. यांपैकी आज एकही नसेल, तर येत्या सुगीपासून भाताच्या एका पोत्याने प्रारंभ करावा, आणि दर महिन्यास एकेक गोष्ट बेगमीत जोडीत जावी. दुसरा मिरग उजाडेपर्यंत त्या घराची स्थिती पालटलेली असेल.